नावापुरत्या भागीदारांची शिकवणी

आयकर अधिकाऱ्यासमोर बायकांनी काय बोलायचं, हे शिकवण्याचा पगार मी काही वर्षं घेतला आहे. नेमणुकीच्या पत्रात याचा उल्लेख नाही. तिथे ‘लेखा सहायक’ असं भारदस्त लिहिलं आहे. बी.कॉम. झाल्याबरोबर जळगावातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात लागले, तेव्हा हिशोब लिहायला तिथे पुरुष मंडळी आधीपासून होती. बाई म्हणून मी एकटी. त्यामुळे पेढ्यांमधल्या बायकांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. चहाचे कप विसळायचं कामही असंच आपोआप येऊ बघत होतं. कपांचा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात मिटवला. बायका मात्र आवडीने ठेवून घेतल्या.

या लेखातली नावं बदलली आहेत. इथे नाव हाच माल आहे, तेव्हा तेवढी काळजी घ्यायला हवी.

पेढ्यांमधल्या बायका म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगते. एकाच माणसाने वर्षाला भरपूर मिळवलं, तर त्याला कर जबर बसतो. तेच उत्पन्न त्याच्या, बायकोच्या, भावाच्या आणि भावजयीच्या नावावर वाटलं, तर प्रत्येकाचा कर थोडा आणि एकूणही कमी. म्हणून आमच्या खानदेशातल्या डाळमिल, जिनिंग, तेलगिरण्या, कशाचाही भागीदारीचा करार उघडा, त्यात निम्म्या बायका सापडतील. सभेत, पंचायतीत, बँकेत कुठेही दिसणार नाहीत इतक्या बायका मी स्टॅम्प पेपरवर पाहिल्या आहेत. स्त्रीमुक्तीचं एवढं मोठं काम आयकर कायद्याच्या भीतीने झालं, याची नोंद कुणी घेतलेली नाही.

अधिकारी काही दूधखुळा नसतो. ही बाई खरी भागीदार की नुसती सहीची धनीण, हे बघायला तो तिला समोर बोलावी. ती अडखळली की पेढीच खोटी ठरण्याची भीती. सगळी सवलत जायची. म्हणून सुनावणीच्या आधी तिची तयारी करून घ्यायची, आणि ती मी करून घ्यायची. पेढीचं नाव काय? माल काय तयार होतो? तुमचा भाग किती? भांडवल कुठून आलं? घोकून घ्यायचं, चुकलं की पुन्हा.

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी, म्हणजे त्या चार्टर्ड अकाउंटंटनी, मला या कामाला लावलं तेव्हा मी कुठल्या घरातून आले आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आमचे आबा छापखान्यात कंपोझिटर होते. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. मोर्चाची, संपाची, जयंतीची, धम्मपरिषदेची. ज्यांची छपाईची ऐपत नसे त्यांची आबा अर्ध्या पैशात करून आणत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे माझी समजूत अशी होती, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी आपला विजय होतो. हिशोबाच्या धंद्यात दोन्हीची सोय नाही. ताळेबंदात उद्गारचिन्ह घालता येत नाही. दोन्ही बाजू जुळल्या की लोक समाधानाने चहा मागवतात, मग त्या अन्यायाने का जुळल्या असेनात.

तेव्हा मी ठरवलं, की शिकवायचंच आहे तर खरं शिकवू. उत्तरं तीच, पण अर्थासकट. “तुमचा सहा आणे भाग आहे” असं घोकून घेताना मी सांगे, की म्हणजे नफ्याच्या रुपयात सहा आणे तुमचे. जुन्या पेढ्या अजून आण्यांत बोलतात. सोळा आण्यांचा रुपया त्यांनी सोडलेला नाही. “हिशोबाची वही कधीही बघायचा तुम्हाला हक्क आहे” हे करारात लिहिलेलंच असे, मी ते दोनदा वाचून दाखवी. बहुतेक जणी तोंडाला पदर लावून हसत. एक जण म्हणाली, “वही बघितली तर ते मला बघतील.”

हसू येण्यासारखं पुष्कळ घडे. धुळ्याच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या बायकोला तिच्या मुलाने आदल्या दिवशी माझ्यावर ताण करून आणखी शिकवलं होतं. धंद्यात फक्त भांडवल घालणारा, कामात न पडणारा भागीदार असतो, त्याला इंग्रजीत ‘स्लीपिंग पार्टनर’ म्हणतात. अधिकाऱ्याने विचारलं, “बाई, तुम्ही पेढीत काय आहात?” तिने हात जोडून सांगितलं, “साहेब, मी झोपलेली भागीदार आहे.” अधिकारी म्हणाला, “आत्ता जाग्या आहात ना? मग इथे सही करा.” सुनावणी पार पडली. त्या अधिकाऱ्याच्या विनोदबुद्धीवर मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, सगळ्या खात्यात तेवढीच एक दयेची जागा होती.

पण एक प्रश्न असा होता की तिथे माझी शिकवणी दरवेळी हरायची. अधिकारी तो सहज म्हणून, सगळ्यात आधी विचारी: “तुम्ही काय करता?”

आणि प्रत्येक बाई म्हणे, “काही नाही.”

कितीही घोकून घ्या. “मी पेढीत भागीदार आहे, असं म्हणायचं, कळलं?” “कळलं.” “बरं, तुम्ही काय करता?” “काही नाही. घरीच असते.” चूल, धुणी, सासूचं आजारपण, पापड, लोणची, मुलांच्या शाळा, गडीमाणसांचा स्वयंपाक, या सगळ्याची बेरीज ‘काही नाही’. ही बेरीज कुठल्या शाळेत शिकवतात, ते मला आजवर सापडलेलं नाही.

वत्सलाबाईंची शिकवणीही याच प्रश्नाला अडली.

त्या मूळच्या नरडाण्याच्या, लग्न होऊन जळगावात आलेल्या. त्यांचे यजमान आणि दीर दिगंबरशेठ या दोघा भावांनी औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना काढला. त्या वर्षांत जळगावात जो उठेल तो चटईचे माग टाकत होता, पण यांची चटई चालली. थोरल्या भावाने तिचं नाव ‘वत्सला’ ठेवलं आणि प्रत्येक चटईच्या कोपऱ्यात ते छापलं. आपल्याकडे लग्नात बायका नवऱ्याचं नाव घेतात. या गृहस्थाने बायकोचं नाव घेतलं आणि थेट बाजारात नेलं. काही वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी वत्सलाबाईंना भागीदार करून घेतलं. भाग ठरले ते असे: दिगंबरशेठ सहा आणे, त्यांच्या पत्नी चार आणे, वत्सलाबाई सहा आणे. झाले सोळा.

दिगंबरशेठ मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रकात असा माणूस मावत नाही. भावजयीला आणि पुतणीला त्यांनी काही कमी पडू दिलं नव्हतं. फक्त ऑफिसात बसले की म्हणत, “वहिनींचं काय हो, त्या नावापुरत्या. खरं सगळं मलाच बघावं लागतं.”

सुनावणीची नोटीस आली आणि मी पिंप्राळ्यातल्याच त्यांच्या घरी शिकवणीला गेले. ओसरीत चटयांची ही थप्पी. विचारलं, “तुम्ही काय करता?”

“मी? काहीच नही.”

तेवढ्यात दारात एक बाई आली. डोक्यावरची चटयांची गुंडाळी तिने खाली टाकली. वत्सलाबाईंनी बोलता बोलता एक चटई उलगडली, कडेवरून बोट फिरवलं आणि परत तिच्या हातात दिली. “टाका सुटेल शे. उसवीसन पुन्हा घाल.” ती बाई कुरकुरत गेली. मग दुसरी आली, मग तिसरी.

मी विचारलं, “हे काय चाललंय?”

“काय नही व. कडेले कापडनी पट्टी लागस ना, ती या बाया घरी शिवतस. मी फक्त देखी लेस.”

कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चटईची कड वस्तीतल्या बायका शिवत होत्या. कुणाला किती चटया द्यायच्या, कुणाचा टाका कच्चा, कुणाच्या घरी बाळंतपण म्हणून तिच्या वाटच्या कुणाला द्यायच्या, हे सगळं या ओसरीतून चाले. दुसऱ्या कंपन्यांच्या चटया कडेने उसवत आणि गिऱ्हाईक म्हणे, वत्सलाच द्या. ते ‘वत्सलाच’ जिथे तयार होत होतं, तिथली मालकीण मला सांगत होती की ती काही करत नाही. आणि मी तिला शिकवायला आले होते, की अधिकाऱ्यासमोर काम करत असल्याचं सोंग कसं करायचं!

(हे उद्गारचिन्ह साहेबांनी नक्की खोडलं असतं.)

मी वत्सलाबाईंना त्यांचंच काम उत्तर म्हणून पाठ करायला लावलं. सुनावणीत त्यांनी आधी सवयीने “काही नाही” म्हटलंच. साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या मुलीसारखं शुद्ध मराठीत म्हणायला सुरुवात केली: “पेढीत माझा सहा आणे भाग आहे. चटईच्या कडांचं काम मी बघते. हिशोब बघायचा मला हक्क आहे.” अधिकाऱ्याने दोन उलट प्रश्न विचारले, टाक्यांबद्दल. त्यावर त्या इतकं बोलल्या की त्यानेच हात वर केले. पुढे आमच्या ऑफिसाने दिगंबरशेठच्या सहीने लेखी दिलं, की श्रीमती वत्सलाबाई या पेढीच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदार आहेत. सही करताना शेठ हसून म्हणाले, “मॅडम, छान पढवलंत हो वहिनींना. अगदी खरं वाटलं.”

नव्वदच्या आसपास हवा बदलली. ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर. नशिराबादचे एक निवृत्त गुरुजी ऑफिसात येऊन विचारत होते, की कंपनीचे शंभर शेअर घेतले आहेत, तर कारखान्यातली नेमकी कुठली जागा आपली? त्यांना समजावताना मला भागीदारी आणि कंपनी यांतला फरक स्वतःला नीट कळला. भागीदारीत माणसं असतात. एक मेला, एक रुसला, एक निघाला, की पेढी नव्याने मांडावी लागते. कंपनी मात्र माणसांपासून सुटी असते. तिचं भांडवल सारख्या तुकड्यांत वाटलेलं असतं, तो एक तुकडा म्हणजे एक शेअर. कोण कसा आहे, कुणी काय केलं, हे तिथे कुणी विचारत नाही. तुमच्याकडे तुकडे किती, एवढंच. गुरुजी सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे माझी जागा कुठेच नाही.” मी म्हटलं, “आहे, पण सगळीकडे थोडी थोडी.” ते निराश होऊन गेले.

दिगंबरशेठनाही कंपनी काढायची होती. नरडाण्याला सरकारी वसाहतीत जमीन मिळत होती, सवलती होत्या, बँक कर्ज द्यायला तयार होती. वत्सला प्लास्टिक्स प्रायव्हेट लिमिटेड. बेत साधा होता. वत्सलाबाईंनी आधी पेढीतून निवृत्त व्हायचं. त्यांच्या खात्यावर यजमानांचं जे जुनं भांडवल दिसतं, तेवढं त्यांना द्यायचं. मग पेढी चालती-बोलती कंपनीत जाईल आणि शेअर शेठ, त्यांच्या पत्नी आणि मुलगा यांना मिळतील. म्हणजे वत्सलाबाईंच्या माहेरच्या गावात, वत्सलाबाईंच्या नावाचा, वत्सलाबाई नसलेला कारखाना.

निवृत्तीचा मसुदा टाइप करायला माझ्याकडे आला. त्यात एक कलम होतं: निवृत्त होणाऱ्या भागीदाराचा पेढीच्या नावलौकिकावर कोणताही हक्क राहणार नाही.

नावलौकिक हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात लबाड शब्द. इंग्रजीत गुडविल. चालत्या धंद्याची किंमत त्याच्या यंत्रांपेक्षा आणि गोदामातल्या मालापेक्षा जास्त असते. गिऱ्हाईक दुकानात शिरून ‘अमुकच द्या’ म्हणतं, त्या ‘अमुकच’मधल्या ‘च’ची किंमत म्हणजे नावलौकिक. तो दिसत नाही, उचलता येत नाही. पण भागीदार निघताना त्याची किंमत काढून त्याचा वाटा त्याला द्यायचा असतो, करारात उलट काही लिहिलं नसेल तर. म्हणून करारात उलट लिहितात.

मी साहेबांकडे गेले. “हे बरोबर नाही.”

“टायपिंगची चूक आहे का?”

“टायपिंग बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे.”

साहेब थकल्यासारखे हसले. “शोभाताई, आपण हिशोब लिहितो. न्यायनिवाड्याला कोर्ट आहे.”

“कोर्टात जाणाऱ्या बाईला आधी कळलं तर पाहिजे.”

“मग सहीच्या आधी वाचून दाखवा. बायकांची सही असली की वाचून दाखवायचं, ही पद्धत तुम्हीच पाडलीत ना? मी नाही म्हटलंय का कधी?”

हे खरं होतं. साहेबांनी मला कधी नाही म्हटलं नाही. ते कधी हो म्हणाले, असंही नाही. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता.

सहीच्या दिवशी ऑफिसात चौघं होतो. साहेब, दिगंबरशेठ, वत्सलाबाई आणि मी. शेठनी येताना पेढे आणले होते.

“वाचायचं काय त्यात मॅडम?” शेठ म्हणाले. “वहिनी आजवर कधी वाचून सही करत होत्या?”

“पद्धत आहे आमच्याकडे,” साहेब म्हणाले आणि टाचणीचा डबा शोधू लागले.

मी वाचायला लागले. आवाज मुद्दाम सपाट ठेवला, कारण चढवला असता तर पत्रक झालं असतं. त्या कलमावर आले तशा वत्सलाबाई म्हणाल्या, “थांब पोरी. नावलौकिक म्हनजे?”

“पेढीचं नाव. बाजारात त्याची जी किंमत आहे, ती.”

“म्हनजे वत्सला?”

“हो.”

त्या दिराकडे वळल्या. “भाऊजी, नवी कंपनीनं नाव काय?”

“वत्सलाच की वहिनी! दुसरं नाव व्यापारी ओळखतील का? दादाने ठेवलेलं नाव आहे, ते मी बदलेन होय?”

“आन मी?”

“तुम्ही आता आराम करायचा. खूप केलंत. इतकी वर्षं नावापुरत्या का होईना, सह्या केल्यात, ऑफिसात चकरा मारल्यात…”

“नावपुरती.”

“म्हणजे तसं नाही हो…”

वत्सलाबाईंनी पदर सावरला, मांडीवर हात ठेवले आणि ज्या स्वरात त्यांनी ते आयकर अधिकाऱ्याला ऐकवलं होतं, त्याच स्वरात, त्याच शुद्ध मराठीत म्हणाल्या, “पेढीत माझा सहा आणे भाग आहे. चटईच्या कडांचं काम मी बघते. हिशोब बघायचा मला हक्क आहे.”

शेठ गोंधळले. “अहो वहिनी, ते आयकराच्या साहेबासमोर बोलायचं होतं. घरात नाही!”

मला हसू आवरेना. साहेबांचं डोकं टेबलाच्या खणात होतं. टाचण्या बहुधा फार खोल गेल्या होत्या.

वत्सलाबाई आता आपल्या बोलीवर आल्या. आवाज चढला नव्हता. “मी नावपुरतीच शे ना, भाऊजी? मंग मी नाव ली जास. बाकी बठ्ठं तुमनं.”

नाव घेऊन जाते. बाकी सगळं तुमचं.

शेठ आधी हसले, मग साहेबांकडे पाहून हसायचे थांबले. “असं कसं नेता येईल? साहेब, नाव काय पिशवीत घालून नेता येतं का?”

साहेबांनी खण बंद केला. “नेता येईल की नाही, बघावं लागेल. पण ठेवून घेता येणार नाही, एवढं नक्की. चालू पेढीच्या नावाने कंपनी काढायची, तर निबंधक सगळ्या भागीदारांची ना-हरकत मागतात. यांची सही लागेल.”

“म्हणूनच तर आधी निवृत्त करतोय ना!”

“निवृत्त व्हायलाही यांचीच सही लागते,” साहेब म्हणाले. “आणि शेठ, या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदार आहेत, असं आपण आयकराला लेखी दिलंय. तुमच्या सहीने. आता नावापुरत्या म्हणालात, तर मागची सगळी वर्षं उघडतील.”

शेठ माझ्याकडे वळले. मी त्यांच्या बाजूने इतकं उत्तम काम केलं होतं, की त्यांना त्यातून बाहेर पडायला जागा उरली नव्हती. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. फुकट कशाला घालवायचे.

पुढचे काही आठवडे वाटाघाटी चालल्या. मी वत्सलाबाईंसाठी एक टिपण तयार केलं. नावलौकिकाची किंमत, भांडवल, सहा आणे भाग, आणि त्यावरून त्यांना कंपनीत किती शेअर मिळायला हवेत, सगळं मांडून. शेवटी एक वाक्य मला आवरलं नाही, ते आबांच्या छापखान्यातून थेट आलेलं होतं. वत्सलाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पाव हिश्श्याला हो म्हणून आल्या. सहा आण्यांचे चार आणे!

मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. “तुम्ही हक्क सोडलात. का?”

“तुनं गणित बराबर शे, पोरी,” त्या म्हणाल्या. “पन दिवाईले माले त्यासनाच घर जेवाले जानं शे.”

दिवाळीचं जेवण त्यांच्याच घरी. याचं उत्तर मी वाचलेल्या कुठल्याही पत्रकात नव्हतं. ते दोन आणे माझ्या मनातून जात नाहीत. त्या मात्र विसरल्या.

शेअर वाटपाचा तक्ता साहेबांनी स्वतः करून दिला. एकूण हजार शेअर. मी टाइप करायला घेतला तर वत्सलाबाईंच्या पुढे दोनशे पन्नासच्या जागी दोनशे एक्कावन्न होते. “साहेब, पाव हिस्सा ठरला होता. हा वरचा एक कुठून आला?”

“राहू द्या,” ते म्हणाले. “शेठना विचारून घातलाय. शुभ आकडा आहे, वर एक असावा.” आहेराच्या पाकिटातला रुपया असावा तसं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, आयुष्यभराच्या कामावर एक रुपया आहेर! आणि टाइप केलं.

मग आला मूळ कागद, ज्यावर कंपनी काढणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं असतं: नाव, पत्ता, व्यवसाय, किती शेअर घेतले. शेठनी व्यवसायाच्या रकान्यात ‘उद्योगपती’ लिहिलं. त्यांच्या पत्नीने शेजारी पाहून ‘उद्योगपती’ लिहायला घेतलं, शेठ खाकरले, तिने खोडून ‘गृहिणी’ केलं. त्या खोडाखोडीवर आद्याक्षरं घ्यावी लागली. वत्सलाबाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

“आठे काय लिखू?”

तोच प्रश्न. तुम्ही काय करता? मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे तयार उत्तरं पुष्कळ होती. पण हा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने भरायचा होता, म्हणून गप्प बसले. एवढी अवघड गोष्ट मी नोकरीत दुसरी केलेली नाही.

त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत लिहिलं: चटई.

“हा व्यवसाय होत नाही,” शेठ म्हणाले. “ही वस्तू झाली.”

“जाऊ द्या तसंच,” साहेब म्हणाले. “निबंधकांनी विचारलं तर बघू.”

निबंधकांच्या कार्यालयाने नंतर बऱ्याच शंका काढल्या. स्टॅम्पबद्दल, पिनकोडबद्दल, त्या खोडाखोडीबद्दल. चटईबद्दल एक शब्द विचारला नाही.

काही वर्षं गेली. शेठचा मुलगा शिकून आला आणि त्याला कंपनीचं नाव लाजिरवाणं वाटू लागलं. त्याच्या मते ते एखाद्या महिला मंडळाचं वाटे. त्याला शेवटी ‘इंटरनॅशनल’ हवं होतं. चटया नरडाण्याहून सुरतेपर्यंत जात, हे आंतरराष्ट्रीय होण्याला पुरेसं आहे, असं त्याचं म्हणणं. नाव बदलायला विशेष ठराव लागतो. तो साध्या बहुमताने होत नाही. विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. शेठनी आधीच मुलाच्या, सुनेच्या, जावयाच्या नावावर थोडे थोडे शेअर करून ठेवले होते. हात वर करून मत घेतलं, तर पाच हात एकीकडे आणि वत्सलाबाईंचा एक दुसरीकडे. पण कुणी मागितलं तर हात मोजायचे नसतात, शेअर मोजायचे असतात.

सभेच्या नोटिसा मीच टाइप केल्या. वत्सलाबाईंची नोटीस पोस्टाने न पाठवता हाती द्यायला गेले, कारण घर माझ्या वाटेवरच होतं. वाचून दाखवली. पद्धत आहे आमच्याकडे. नियम समजावता समजावता कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. दोनशे पन्नासच्या तिप्पट सातशे पन्नास. दोनशे एक्कावन्नच्या तिप्पट सातशे त्रेपन्न. आणि शेठच्या घरात सगळे मिळून सातशे एकोणपन्नास. तो वरचा एक त्यांच्याकडे असता, तर बरोबर सातशे पन्नास होऊन ठराव पास झाला असता. मी तो हिशोब पुन्हा केला. मग आहेराच्या रुपयाकडे बघत बसले. साहेबांना मी एवढी वर्षं भित्रा माणूस म्हणत आले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांना विचारलं, “तो शुभ आकडा तुम्ही मुद्दाम घातला होता?” ते म्हणाले, “कुठला?” आणि टाचणी मागितली.

सभा शेठच्या दिवाणखान्यात झाली. खाली वत्सला चटई अंथरलेली. मुलाने ठराव इंग्रजीत वाचला. पाच हात वर गेले. शेठ समाधानाने भावजयीकडे वळले.

“वहिनी, तुमचं काही म्हणणं?”

“मनं?” वत्सलाबाई बसल्या जागी चटईच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. “मनं म्हननं काहीच नही.”

“बघा! वहिनींचं काही म्हणणं नाही. लिहा मॅडम.”

“फक्त शेअर मोजा,” वत्सलाबाई म्हणाल्या.

मोजले. ठराव पडला. मुलगा ताडकन उठून आत गेला. शेठ सुनेला म्हणाले, “चहा टाक. वहिनींचा बिनसाखरेचा.”

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं. मी लिहिलं: श्रीमती वत्सलाबाई, व्यवसाय चटई, यांनी ठरावाच्या विरोधात मत दिले. इतिवृत्तात उद्गारचिन्ह घालायची सोय नाही. पूर्णविराम दिला, पेन जरा दाबून.